धाराशिवची फाइल कोणत्याही संगणकावर सारखीच उघडावी

प्रति,
मा. संचालक,
अर्थ व सांख्यिकी संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : सर्वेक्षणांच्या मूळ डेटा फाइल्स कोणत्याही सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये एकसारख्या वाचता याव्यात याबाबत



३० सप्टेंबर १९९३ ही तारीख उमरगा तालुक्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. औसा आणि उमरगा या दोन तालुक्यांनी सर्वांत मोठा घाव सोसला. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

हीच तारीख संगणकात शिरली की तिचे वेगवेगळे आकडे होतात. स्टाटा आणि सॅस ही सॉफ्टवेअर १ जानेवारी १९६० पासून दिवस मोजतात. त्यांच्या फाइलमध्ये भूकंपाचा दिवस १२३२६ असा नोंदला जातो. आर ही प्रणाली १ जानेवारी १९७० पासून मोजते, तिथे तोच दिवस ८६७३ होतो. एक्सेलमध्ये तो ३४२४२ असतो. एसपीएसएस तर दिवस न मोजता सेकंद मोजते, आणि तेही १४ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे युरोपात ग्रेगरी दिनदर्शिका लागू झाली त्या सुमारापासून. त्यामुळे तिथे या भूकंपाचा दिवस १२,९६,८७,२६,४०० या आकड्याने ओळखला जातो.

यातला एकही आकडा चुकीचा नाही. मोजणी कुठून सुरू झाली हे आकड्यासोबत लिहिलेले असेल तोवर सगळे ठीक चालते. पण आरमधला ८६७३ हा नुसता आकडा स्टाटात गेला आणि मोजणीचा आरंभ मागेच राहिला, तर स्टाटा तारीख दाखवते ३० सप्टेंबर १९८३. दिवस तोच, महिना तोच, वर्ष मात्र दहाने मागे. संगणक लाल अक्षरांत काही बजावत नाही आणि तारीख इतकी खरी वाटते की तपासणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरून पुढे जाते.

एका सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्यात नेताना आकडे सहसा सुखरूप पोहोचतात, त्यांचा अर्थ मात्र वाटेत गळतो. सरकारी पैशाने गोळा झालेल्या आकडेवारीच्या बाबतीत हे थांबवणे आपल्या संचालनालयाच्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या उमरग्यात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत. तिथला अर्थशास्त्राचा विद्यार्थी बालकांच्या कुपोषणावर प्रबंध लिहायला घेतो तेव्हा त्याच्याकडे साधा लॅपटॉप असतो, त्यात एक्सेल असते आणि कोणी शिकवले असेल तर मोफत मिळणारे आर असते. मार्गदर्शकाकडून मात्र फाइल येते ती एसपीएसएसची नाहीतर स्टाटाची. त्या सॉफ्टवेअरचा परवाना विकत घ्यावा लागतो. मोठ्या विद्यापीठाला आणि सल्लागार कंपनीला तो परवडतो, तालुक्याच्या कॉलेजला आणि तिथल्या विद्यार्थ्याला नाही. मग कोणी चोरीची प्रत वापरतो, कोणी फाइल कशीबशी एक्सेलमध्ये ओढून घेतो, आणि बरेचजण मूळ आकडेवारीचा नाद सोडून छापील अहवालातले तक्ते उतरवून घेतात.

ही सॉफ्टवेअर एकमेकांना इतकी परकी का, हे त्यांच्या जन्मात पाहायला मिळते. एसपीएसएस १९६८ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या नॉर्मन नाय आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी समाजशास्त्राच्या अभ्यासकांसाठी तयार केले; २००९ मध्ये ते आयबीएमने विकत घेतले. सॅसचा उगम नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात शेतीच्या प्रयोगांची आकडेवारी सोडवताना झाला आणि १९७६ मध्ये त्याची कंपनी उभी राहिली. तिचे एक संशोधन-विकास केंद्र आज पुण्यात आहे. स्टाटा १९८५ चे. आर नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी लिहायला घेतले आणि ते सर्वांना मोफत खुले ठेवले. प्रत्येकाने आपल्या काळाला आणि आपल्या यंत्राला सोयीची मांडणी निवडली. गिऱ्हाईक बांधून ठेवायला हे वेगळेपण उपयोगीच पडत होते.

स्टाटाने आपल्या फाइलची रचना जाहीर केली आहे. सॅसने मात्र रोजच्या वापरातल्या फाइलची रचना प्रसिद्ध केली नाही; प्रोग्रामरांनी एकेक बाइट न्याहाळून ती ताडली. एसपीएसएसची रचना पीएसपीपी या मोफत सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी अशाच कष्टाने नोंदवून ठेवली. इव्हान मिलर यांनी अशा अनेक रचना वाचणारे रीडस्टॅट लिहिले आणि त्यावर बेतलेले हेवन हे पॅकेज हॅडली विकम यांनी आरच्या वापरकर्त्यांना दिले. उमरग्यातला विद्यार्थी एसपीएसएस विकत न घेता त्याची फाइल आज उघडू शकतो तो या लोकांच्या मेहनतीवर.

हा प्रश्न कोर्टातही गेला. सॅसचेच प्रोग्राम चालवू शकणारे दुसरे सॉफ्टवेअर वर्ल्ड प्रोग्रामिंग या ब्रिटिश कंपनीने बनवले, तेव्हा सॅसने दावा लावला. २ मे २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की संगणक प्रोग्रामवरच्या स्वामित्व हक्काचे संरक्षण त्या प्रोग्रामच्या कार्याला, त्याच्या भाषेला आणि त्याच्या डेटा फाइलच्या रचनेला मिळत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याच्याही आधी, १९९९ मध्ये, औषध-चाचण्यांची आकडेवारी स्वीकारण्यासाठी अशी रचना निवडली होती जिचा आराखडा सॅसनेच सर्वांसाठी प्रसिद्ध केला होता. त्या रचनेत रकान्याचे नाव आठ अक्षरांपलीकडे जात नाही, आजच्या मानाने ती अडचणीची आहे. पण औषध कंपनीकडे कोणतेही सॉफ्टवेअर असो, नियामकाला फाइल वाचता येते. शासनाने ठरवले की कंपन्या जुळवून घेतात, हे त्यातून दिसते.

आपल्याकडची परिस्थिती पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून करत आली आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातल्या ६,३६,६९९ कुटुंबांत जाऊन ७,२४,११५ स्त्रियांना प्रश्न विचारले गेले. या फाइल्स स्टाटा, एसपीएसएस, सॅस आणि साधा मजकूर अशा चारही रूपांत मिळतात, लेबलांसकट. हे काम मनापासून वाखाणण्यासारखे आहे. मात्र त्या मिळतात अमेरिकी मदतीवर उभ्या राहिलेल्या डीएचएस कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा तो कार्यक्रमही थांबला आणि नव्या अभ्यासकांचे अर्ज तपासणे बंद पडले. महाराष्ट्रातल्या आयाबायांनी आपल्या उंबऱ्यावर दिलेली उत्तरे वाचण्याची वाट वॉशिंग्टनच्या अर्थसंकल्पातून जात होती, हे तेव्हा कळले.

राष्ट्रीय नमुना पाहणीची वाट देशातली आहे, पण खडतर आहे. तिच्या अनेक फेऱ्यांचा डेटा मजकुराच्या फाइलमध्ये मिळतो: मोकळी जागा न सोडता लिहिलेली आकड्यांची लांबच लांब ओळ, आणि कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत काय आहे हे सांगणारी लेआउटची वेगळी एक्सेल फाइल. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की वय आणि शिक्षण एकमेकांत मिसळतात. प्रत्येक कुटुंबाला दिलेला गुणक शंभराने भागायचा की दोनशेने, हे दुसऱ्या दोन रकान्यांतले आकडे जुळतात की नाही यावर ठरते, आणि ही सूचना असते तिसऱ्याच कागदावर. कित्येक फेऱ्या नेस्टार नावाच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये दिल्या गेल्या. नेस्टार नॉर्वेच्या संशोधन-डेटा केंद्राचे. त्या केंद्राने त्याला पाठबळ देणे बंद केले आहे. बनवणाऱ्यानेच सोडून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भारताच्या घरखर्चाचे आकडे ठेवणे धोक्याचे आहे.

सर्वांत जास्त घात करतो तो रिकामा रकाना.

समजा, एका अंगणवाडीतल्या दहा बालकांची फाइल आहे. आठ जणांची वजने नोंदली आहेत. दोघे वजनाच्या दिवशी गावात नव्हते, आईबापांसोबत ऊसतोडीला गेले होते. त्यांचे रकाने रिकामे. आता दहा किलोपेक्षा कमी वजनाची मुले किती, असे सॅसला विचारले की ते रिकामा रकाना कोणत्याही आकड्यापेक्षा लहान धरते आणि ती दोन्ही मुले कुपोषितांत मोजते. दहा किलोपेक्षा जास्त वजनाची किती, असे स्टाटाला विचारले की ते रिकामा रकाना कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा धरते आणि तीच दोन मुले धडधाकट ठरवते. आर त्यांच्याबद्दल माहीत नाही असे उत्तर देते. एसपीएसएसमध्ये अशा जागी ९९ लिहून, हा आकडा गैरहजेरीचा समजावा, अशी खूण करायची पद्धत आहे. ती खूण फाइल बदलताना गळली की ते मूल ९९ किलोचे होते. कसलेला माणूस यासाठी प्रत्येक वेळी जादा अट लिहितो, नवशिक्याला ती ठाऊक नसते. फाइल एक, मुले तीच, आणि कुपोषणाचे प्रमाण मात्र सॉफ्टवेअरगणिक वेगळे.

हे नुसते समजा-समजीचे नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइलमध्ये मुलाच्या वयानुसार उंचीचा निर्देशांक शंभरपट करून लिहिलेला असतो; उणे २०० च्या खाली गेलेले मूल खुरटलेले मानतात. त्याच रकान्यात ९९९६, ९९९७, ९९९८ असे आकडेही येतात. ते उंचीचे नव्हेत, माप किंवा वय विश्वासार्ह नसल्याच्या त्या खुणा. लेबल गळालेल्या फाइलची सरासरी काढली तर या खुणाही उंची म्हणून मिसळतात आणि मुले कागदावर उंच होतात. उस्मानाबाद जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोलीच्या सोबत. आरोग्य आणि पोषण हे त्या कार्यक्रमातल्या सर्वांत वजनदार सूत्रांपैकी एक. अशा जिल्ह्यात पोषणाचा आकडा फाइल उघडण्याच्या रीतीवर हलता कामा नये.

दुसरा घात नावांचा आणि हद्दींचा. १९८१ च्या जनगणनेतल्या उस्मानाबाद जिल्ह्यात लातूर होते. १९८२ मध्ये ते वेगळे झाले. १९९१ च्या उमरगा तालुक्यात सास्तूर आणि लोहारा होते. २०११ च्या जनगणनेत लोहारा हा स्वतंत्र तालुका आहे आणि भूकंपात उद्ध्वस्त झालेले सास्तूर त्यात मोडते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. रोमन लिपीत उमरग्याचे स्पेलिंग कुठे ओमेर्गा, कुठे उमरगा. दोन फाइल्स नावावर जोडायला गेले की ओळी गळतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राला २७ आणि उस्मानाबादला ५२५ हा कोड आहे. कोडवर जोडणी केली तर नाव बदलल्याने काही बिघडत नाही. पण हद्द कधी बदलली, कोणते गाव कुठून कुठे गेले, याचा संगणकाला वाचता येईल असा तक्ता सोबत नसेल तर कोडही थिटा पडतो. तक्त्याशिवाय १९९१ आणि २०११ चे आकडे शेजारी ठेवणारा विद्यार्थी उमरगा तालुक्याची लोकसंख्या घटली म्हणून स्थलांतराची कारणे शोधत बसेल.

या राज्याला आकडे उघड्यावर तपासण्याची मोठी परंपरा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या छापील तक्त्यांवर. तेच तक्ते ग्रंथालयात उघडून कोणीही त्यांचा हिशेब पडताळू शकत होता, आणि अनेकांनी त्यांच्याशी वाद घातलाही. पुढे १९८३ मध्ये दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली गेली आणि अनुशेष मोजला गेला. मराठवाड्यातला रस्ता, पाणी आणि शाळा यांवरचा प्रत्येक वाद तेव्हापासून आकड्यांवर चालतो. तालुक्यातल्या माणसाला ते आकडे स्वतः तपासता आले नाहीत तर या वादात तो फक्त श्रोता राहतो.

आता आपल्याकडे मागणे काय ते.

आपले संचालनालय दरवर्षी राज्याची आर्थिक पाहणी आणि प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते. राष्ट्रीय नमुना पाहणीत राज्याचा नमुनाही आपणच गोळा करता. यातून निघणारी प्रत्येक फाइल साध्या मजकुराच्या रूपात द्यावी, कारण तो कोणत्याही कंपनीचा नसतो आणि पन्नास वर्षांनीही वाचता येतो. तिच्यासोबत कोडबुक द्यावे, तेही पीडीएफमध्ये अडकलेले नको, संगणकाला वाचता येणारे हवे. डेटाची माहिती कशी लिहावी याचा डीडीआय हा आंतरराष्ट्रीय प्रघात १९९५ पासून घडत आला आहे, तो हाताशी आहे. तारीख आकड्यात न लिहिता वर्ष-महिना-दिवस अशी उघड लिहावी. रिकामी जागा आणि तिचे कारण, म्हणजे उत्तर दिले नाही, घरी नव्हते, प्रश्न लागू नव्हता, वेगळ्या रकान्यात लिहावे. गुणक भागून तयार द्यावा. जिल्हा, तालुका आणि गाव यांचे कोड कायम ठेवून हद्दबदलाचा तारीखवार तक्ता जोडावा. आणि लेबले मराठीतही द्यावीत, युनिकोडमध्ये. एसपीएसएस २००७ पासून आणि स्टाटा २०१५ पासून युनिकोड वाचतात, त्यामुळे देवनागरीला आता कोणतीच तांत्रिक आडकाठी नाही.

या सगळ्याहून मोलाची वस्तू एकाच पानाची आहे: पडताळणीचा तक्ता. फाइलमध्ये एकूण ओळी किती, धाराशिवच्या ओळी किती, दहा मुख्य रकान्यांत रिकाम्या नोंदी किती, गुणक लावून आणि न लावता येणारी बेरीज किती. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतल्या कुटुंब सदस्यांच्या फाइलमध्ये २८ लाखांहून अधिक ओळी आहेत आणि एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते. तक्ता समोर असला की विद्यार्थ्याला पहिल्याच मिनिटाला कळेल की निम्म्याहून जास्त माणसे बाहेर राहिली. सॉफ्टवेअर कोणतेही असो, तक्त्याशी बेरीज जुळली की फाइल नीट उघडली, एवढी खात्री मिळाल्यावर कोणीही पुढचे काम निर्धास्त करू शकतो. हा तक्ता बनवायला नवे अनुदान लागत नाही. आपल्या कार्यालयात फाइल तपासताना या बेरजा केल्या जातातच, त्या फक्त प्रसिद्ध करायच्या आहेत.

वेळही अनुकूल आहे. जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीच्या नमुन्यात जिल्हा हा पायाभूत स्तर झाला आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या रोजगाराबद्दल आजवर न मिळालेले काही हाती येऊ शकते. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि ती मोबाइल ॲपवर होणार आहे. त्या आकड्यांवर राज्याची नवी समालोचने तयार होतील. मांडणीचा निर्णय त्याआधी झाला तर जुने निस्तरत बसावे लागणार नाही.

सुरुवात एका जिल्ह्यापासून करावी. धाराशिवची एक फाइल वर सांगितल्याप्रमाणे तयार करून उमरग्याच्या एखाद्या महाविद्यालयाकडे आणि राज्याच्या सीमेपलीकडे आळंद किंवा बसवकल्याणच्या एखाद्या महाविद्यालयाकडे द्यावी. विद्यार्थ्यांनी ती आर, पीएसपीपी, एक्सेल, आणि जिथे परवाना असेल तिथे स्टाटा व एसपीएसएसमध्ये उघडावी, बेरजा तक्त्याशी ताडून पाहाव्यात आणि कुठे काय जुळले नाही ते लेखी आपल्याला कळवावे. त्यांच्या अभिप्रायावरून सुधारलेली मांडणी मग उरलेल्या जिल्ह्यांना लागू करावी. हे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे सोपवले आणि पहिली फाइल कोणत्या महिन्यात मिळेल, एवढे आपण जाहीर करावे, ही विनंती.

कळावे.

उमरगा, जि. धाराशिव